‘लोक’ म्हणजे नेमकं कोण?

“मॅडम, ब्लॉग काढायचाय. पण लोक काय म्हणतील? आणि समजा, कुणी वाचलाच न्हाई तर?”

राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीच्या कडेला अवघडून बसलेले हे गृहस्थ एक्केचाळीस वर्षांचे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगकडे सुपरवायझर. कुस्तीत कान मोडलेले, त्यामुळं कोल्हापुरात त्यांना ‘आधी काय करत होता?’ असं कुणी विचारत नाही. कंपनीत सगळे पैलवान म्हणतात, मीही इथं तेच म्हणते. हे लिहायला त्यांची परवानगी आहे, मजकूर त्यांनी आधी वाचलाय आणि काही तपशील मी बदललेत.

लिहायला सुरुवात करणाऱ्या माणसांकडून हे दोन प्रश्न मी नेहमी एका दमात ऐकते. सगळे वाचतील याची धास्ती आणि कुणीच वाचणार नाही याचीही. दोन्ही एकदम खरं होणं शक्य नाही, हे त्यांनाही कळतं. तरी ब्लॉग उघडून चार महिने झाले होते, अकरा लेख अर्धवट पडले होते आणि एकही प्रसिद्ध झाला नव्हता. नाव ठरवण्यात आणि लाल मातीचा फोटो शोधण्यात मात्र तीन रविवार गेले होते. (हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. उंबरा रंगवत बसलं की घरात जावं लागत नाही.)

त्यांना मी एक प्रयोग सांगितला. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००० साली प्रसिद्ध झालेला. एका विद्यार्थ्याला गायकाचं मोठं चित्र असलेला, लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवायचं. मग त्याला विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? साधारण निम्म्यांच्या, असा त्याचा अंदाज. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलेलं असायचं.

पैलवान हसले. “आमच्याकडं उलटं हाय. गंगावेशीत शिंकलं की मंगळवार पेठेत कळतंय.”

त्यांचं खरंच होतं. म्हणून मी कागद पुढं केला. “ते ‘लोक’ आहेत ना, त्यांची नावं लिहा. फक्त ज्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो त्यांचीच.”

बराच वेळ गेला. कागदावर तीनच नावं उतरली. वस्ताद, तालमीतला एक जोडीदार आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, आबा.

आबा म्हणजे वडील. राधानगरी तालुक्यातल्या गावात असतात. त्यांनी पोराला लहानपणी खांद्यावर बसवून खासबाग मैदान दाखवलं होतं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ मध्ये पुरं झालेलं ते मैदान. चौदाव्या वर्षी पोरगं तालमीत दाखल झालं. पहाटेचे जोर-बैठका, हौदात माती उकरणं, वस्तादांचे पाय दाबणं आणि गावाहून येणारा खुराक. एकोणिसाव्या वर्षी गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. गावानं हळहळ केली, आबा महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

“खरं सांगू? गुडघा दोन महिन्यांत बरा झालाता. मलाच परत जायचं नव्हतं. डॉक्टर नको म्हणाले तवा आतनं मोकळं वाटलं.” आणि मग, “हे आजवर कुणाला बोललो न्हाई.”

अकरा लेख का अडले होते, ते इथं दिसलं. प्रत्येक लेख फिरून याच वाक्यापाशी यायचा आणि थांबायचा.

माझं मत स्पष्ट आहे: लिहिणं वेगळं आणि प्रसिद्ध करणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहिलं. लिहून उठल्यावर त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटलं. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. त्यांचं लिखाण मित्रांनी किंवा घरच्यांनी वाचलेलं नव्हतं. म्हणजे मन हलकं व्हायला वाचक लागतोच असं नाही. आणि लिहून झाल्या झाल्या जे जड वाटतं, त्याच भरात बटण दाबणं तर धोक्याचं.

तेव्हा आधी वही. चार दिवस, ब्लॉगला हात लावायचा नाही. लिहून झोपच उडायला लागली तर थांबायचं आणि मला फोन करायचा.

पुढच्या भेटीत त्यांनी टोपणनावाचं काढलं. मराठीला टोपणनावाचं वावडं नाही. दामल्यांचे केशवसुत झाले, शिरवाडकरांचे कुसुमाग्रज. पण टोपणनाव परक्यापासून लपवतं, तालमीतला माणूस दोन ओळींत ओळखतो. शिवाय त्यांचा पुतण्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही टाकतो. आबा आज ना उद्या ऐकणारच होते.

“मग त्यांना पुतण्याच्या तोंडून कळू द्यायचं का?” मी विचारलं.

गडी रोप लावणीला गावी गेला. दुपारी बांधावर भाकरी खाताना सांगून टाकलं. आबा काही बोलले नाहीत. हात धुतले, पुन्हा चिखलात उतरले. संध्याकाळी एसटीत बसवताना म्हणाले, “लिव. पण ती एक गोष्ट लिवू नगो.” ती गोष्ट गुडघ्याची नव्हे, दुसरी; मला ती ठाऊक आहे. अर्थात, इथंही ती येणार नाही.

बाकीचं काम मग सोपं होतं. जन्मापासूनची दोन हजार शब्दांची कहाणी होती, ती बाजूला ठेवली. एकच वस्तू घ्या म्हटलं, तर त्यांनी गावाहून येणारी बदामाची पिशवी घेतली. पहिला लेख टाकण्याआधी आणखी दोन तयार ठेवायला सांगितले, नाहीतर पहिल्यावर कोण काय म्हणतंय हे बघण्यातच महिना जातो. लेख लिहून झाला की आठवडाभर तसाच ठेवायचा. प्रतिक्रियांची सोय सुरुवातीला बंद. पोरांच्या शाळेचं नाव, घराचा फोटो, फोन नंबर नको. फौंड्रीतले फोटो तर कंपनीला विचारल्याशिवाय अजिबात नको. नंतर पुसता येईल या भरवशावर काही टाकू नये. स्क्रीनशॉट कुणाकडं राहील सांगता येत नाही. पैसे मिळतात का, हेही त्यांनी विचारलं. नोकरी धरून ठेवा, एवढंच मी म्हटलं.

पहिला लेख टाकला. पहिल्या आठवड्यात वाचनांचा आकडा चौदा झाला. “त्यातलं पाच मीच उघडून बघितलंय,” पैलवान म्हणाले. नातवानं आबांना लेख वाचून दाखवला. आबांनी ऐकून निरोप धाडला की बदाम अर्धा किलो नव्हते, पाव किलो होते, तेवढं नीट कर.

एक गोष्ट मात्र बिनसली आणि त्यात माझीही चूक आहे. दुसऱ्या लेखात तालमीतल्या जोडीदाराचा किस्सा होता. नाव बदललं की भागेल, असं मीच म्हटलं होतं. पण खुराक चोरून खाल्ल्याचा तो किस्सा सगळ्या तालमीला पाठ. लेख फिरला, जोडीदाराच्या जावयापर्यंत पोचला. पैलवानांनी त्या दोन ओळी लगेच काढल्या. पण आबांना जसं आधी विचारलं, तसं त्यालाही विचारायला हवं होतं. ते मला सुचलं नाही. आता तो फोन करत नाही.

परवा पैलवान आले होते, वहीत काहीतरी लिहून आणलं होतं. म्हणाले, “ह्याच्यावरच लिवलंय, जोडीदार रुसला त्यावर. टाकू का?”

मी वही मिटून परत दिली. “आधी त्याच्या घरी जाऊन या.”

“तो दारात उभा करंल का?”

“ते मला नाही सांगता येणार.”

रविवारी जातो म्हणाले.