न्यूयॉर्कच्या उपनगरी रेल्वेचे प्रवासी वाढले की घटले?

अमेरिकेत घरटी कार असताना उपनगरी रेल्वेने जातं कोण, आणि हे प्रवासी वर्षानुवर्षं वाढतायत की घटतायत, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड या बेटावरच्या हिक्सव्हिल स्टेशनातून शहराच्या मध्यवर्ती भागात, मॅनहॅटनला, नोकरीला जातो. त्यामुळे मला जवळून माहीत असलेल्या याच रेल्वेबद्दल, म्हणजे लाँग आयलंड रेल रोडबद्दल, सांगतो.

तिची सनद १८३४ सालची. १९१० मध्ये ईस्ट नदीखालचे बोगदे आणि मॅनहॅटनमधलं पेन स्टेशन सुरू झालं आणि नदीकाठी उतरून फेरीबोट गाठायची कटकट संपली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले, तेव्हा तर गाड्या तुडुंब भरून धावत.

युद्ध संपल्यावर जे झालं ते मला अजूनही चटका लावतं. हिक्सव्हिलच्या शेजारीच १९४७ पासून लेव्हिटाउन या नव्या वसाहतीची सतरा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. बेटावर माणसं वाढत होती, आणि रेल्वे मात्र १९४९ मध्ये दिवाळखोरीत गेली! नवी घरं स्टेशनापासून लांब होती, रस्ते रुंद होत होते, दुकानं आणि कारखानेही बेटावरच येत होते. शिवाय उपनगरी रेल्वेचं जुनं दुखणं होतंच: सकाळी आणि संध्याकाळी दोन-तीन तास उभं राहायला जागा नाही, आणि उरलेला दिवस डबे यार्डात पडून. तेवढ्या गर्दीसाठी डबे, मोटरमन, रूळ सगळं बाळगायचं. खासगी कंपनीला ते परवडेना. शेवटी १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ही रेल्वे चालवायला घेतली. मला विचाराल तर ती वाचली ती त्या निर्णयामुळे.

त्यानंतर चढउतार होत २०१९ मध्ये वर्षाला प्रवाशांच्या ९ कोटी ११ लाख फेऱ्या झाल्या, १९४९ नंतरचा सर्वांत मोठा आकडा. पुढच्याच वर्षी, कोविडमध्ये, तो सुमारे ३ कोटींवर आला. २०२४ मध्ये साडेसात कोटींच्या आसपास पोचला. सगळीकडे असंच झालं असं मात्र नाही. शिकागोच्या मेट्रा या उपनगरी रेल्वेने २००८ मध्ये, पेट्रोल कडाडलं तेव्हा, उच्चांक गाठला होता आणि तिथे उतार कोविडच्या आधीच लागला होता.

पण नुसत्या वार्षिक आकड्यावर जाऊ नका. खरा बदल प्रवाशांच्या सवयीत झालाय. पूर्वी आमच्या डब्यात मासिक पासवाले असायचे: पाच दिवस, तीच गाडी, फलाटावर उभं राहायची जागासुद्धा ठरलेली. आता ऑफिसला आठवड्यातून दोन-तीन दिवसच जायचं, मग पास वसूल होत नाही. म्हणून २०२२ मध्ये वीस फेऱ्यांचं सवलतीचं तिकीट आलं. मंगळवार ते गुरुवार गर्दी, शुक्रवारी सकाळी हवी ती खिडकी. शनिवार-रविवार मात्र खूप लवकर सावरले. नाटकाला, सामन्याला, नातेवाइकांकडे जाणाऱ्यांना घरून काम करायची सोय नसते. त्यामुळे पासांची विक्री बघितली तर रेल्वे ओस पडल्यासारखी वाटते, आणि रविवारी दुपारी डबा बघितला तर अजिबात नाही.

आणखी एक गोष्ट. हिक्सव्हिल आणि फ्लोरल पार्कच्या मध्ये पूर्वी दोनच रूळ होते. सकाळच्या गर्दीत दोन्ही शहराकडच्या गाड्यांना लागायचे, म्हणून उलट्या दिशेला बराच वेळ गाडीच नसे. शहराच्या क्वीन्स भागात राहून बेटावरच्या उपनगरांत कामाला येणाऱ्याला कार घेण्यावाचून इलाज नव्हता, आणि तो माणूस कुठल्याच आकड्यात दिसत नव्हता. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला तिसरा रूळ पूर्ण झाला. आता सकाळी मी शहराच्या गाडीची वाट बघत असतो, तेव्हा समोरून आलेल्या गाडीतून लोक बेटावरच्या कामांसाठी उतरत असतात.