‘तो तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे?’

यॉर्कशरमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र थोडक्यात असं:

‘आमचा मुलगा तेरा वर्षांचा. गावच्या क्लबात अंडर-थर्टीनमध्ये ऑफस्पिन टाकतो. परवा जेवताना टीव्हीवर अझीम रफीकचा, म्हणजे यॉर्कशरच्या संघात वंशभेद सोसला असं सांगणाऱ्या माजी खेळाडूचा, विषय निघाला. हे म्हणाले, “तो तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? ज्यूंबद्दल त्याने स्वतः काय काय लिहिलं होतं ते विसरलात का? इतकी वर्षं गप्प बसला आणि करिअर संपल्यावर बोलायला लागला. शिवाय तो पाकिस्तानी, आपल्याला कोण काय बोलतंय?” मीही मान डोलावली. मुलगा ताटातली आमटी बोटाने फिरवत बसला होता. एकदम म्हणाला, “म्हणजे मी काही सांगितलं तर आधी माझे जुने मेसेज बघणार का तुम्ही?” आणि उठून गेला. विचारलं तर “काही नाही” म्हणतो. ह्यांचं म्हणणं, राईचा पर्वत करू नकोस, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. काय करू?’

ताई, तुमच्या मुलाने प्रश्न विचारलेला नाही. त्याने चाचपून पाहिलं आहे. मुलं आपल्यावर आलेलं सांगण्याआधी दुसऱ्या कुणाचा तरी विषय निघू देतात आणि आई-बाबा त्या माणसाबद्दल काय बोलतात ते ऐकतात. रफीक तुमच्या घरी कधी येणार नाही, पण त्याच्याबद्दल जेवणाच्या टेबलावर झालेला निवाडा तुमच्या मुलाने स्वतःवरचा निवाडा म्हणून ऐकला. त्यामुळे रफीकवर विश्वास ठेवायचा की नाही, हा तुमच्या घरातलाच प्रश्न झाला आहे. तो नीट सोडवू या.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. त्यातली एक गोष्ट खरी आहे. रफीकने 2011 मध्ये ज्यूंबद्दल घाणेरडे संदेश पाठवले होते. ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे 16 नोव्हेंबर 2021 ला त्याने साक्ष दिली आणि दोनच दिवसांत ते संदेश बाहेर आले. त्याने नाकारलं नाही. लाज वाटते म्हणाला, माफी मागितली. नाझी छळातून वाचलेल्यांना जाऊन भेटला. पुढे 2022 मध्ये क्रिकेटच्या शिस्तपालन समितीने त्याला त्याबद्दल ताकीदही दिली. म्हणजे त्याच्या चुकीचा हिशेब झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

पण त्या संदेशांमुळे ड्रेसिंग रूममध्ये त्याच्याशी जे झालं ते पुसलं जातं का? कुणाच्या घरी चोरी झाली आणि नंतर कळलं की घरमालकानेही एकदा कुणाचे पैसे बुडवले होते, तर आपण चोरी झालीच नाही असं म्हणत नाही. माणूस कसा आहे हा एक प्रश्न आणि त्याच्याबरोबर काय घडलं हा दुसरा. वंशभेदाची तक्रार आली की हे दोन प्रश्न मुद्दाम एकात गुंफले जातात, कारण पहिल्याचं उत्तर मिळवणं सोपं असतं. कुणाचंही जुनं काहीतरी सापडतंच.

आणि घडलं काय, ते तर तपासून झालेलं आहे. कराचीत जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी बार्न्सलीला आला. 2012 मध्ये यॉर्कशरचा सर्वांत तरुण कर्णधार झाला. त्याने 2020 मध्ये तोंड उघडल्यावर यॉर्कशर क्लबने नेमलेल्या चौकशीतच 43 पैकी 7 आरोप खरे ठरले, तो वांशिक छळाचा आणि दादागिरीचा बळी होता असा निष्कर्ष निघाला, आणि तरीही कुणावर कारवाई होणार नाही असं क्लबने जाहीर केलं. मग प्रायोजक सोडून गेले, अध्यक्षांनी राजीनामा दिला, हेडिंग्ली ह्या यॉर्कशरच्या मैदानावरचे आंतरराष्ट्रीय सामने काही काळ थांबले. मार्च 2023 मध्ये शिस्तपालन समितीने अनेक माजी खेळाडूंवरचे आरोप सिद्ध मानले. इंग्लंडचा माजी कर्णधार मायकल वॉन ह्याच्यावरचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही, हेही मुलाला सांगा. चौकशी अशीच असते, एकेक आरोप स्वतंत्र तपासायचा. एक टिकला नाही म्हणून बाकीचे खोटे होत नाहीत आणि बाकीचे टिकले म्हणून तो एक खरा होत नाही. त्याच वर्षी क्लबला 4 लाख पौंडांचा दंड झाला, त्यातले 3 लाख स्थगित, आणि काउंटी चॅम्पियनशिपमधले 48 गुण कापले गेले.

‘इतकी वर्षं गप्प का होता?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. रफीकने समितीला सांगितलं की तो पंधरा वर्षांचा असताना स्थानिक क्लबात त्याला धरून ठेवलं आणि रेड वाइन त्याच्या घशात अक्षरशः ओतली. मुसलमान घरातला मुलगा. त्यानंतर 2012 पर्यंत दारूला शिवला नाही आणि मग स्वतःहून प्यायला लागला, कारण त्यांच्यातला एक व्हायचं होतं. तुमच्या मुलाहून दोनच वर्षांनी मोठा होता तो, ताई. पंधराव्या वर्षी कुणाला सांगणार? ज्यांच्या हातात संघनिवड आहे त्यांना? घरी सांगितलं असतं तर क्रिकेट बंद झालं असतं, हीसुद्धा भीती मुलांना असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

लगेच बोलणाऱ्याला तरी काय मिळतं, तेही पाहा. जानेवारी 2021, सिडनी कसोटी. मोहम्मद सिराज सीमारेषेवरून चालत आला आणि प्रेक्षकांतून शिव्या येतायत असं त्याने सांगितलं. त्याच दौऱ्यात त्याचे वडील गेले होते आणि तो संघासोबतच राहिला होता. कर्णधार आपला अजिंक्य रहाणे. त्याने सिराजला असं विचारलं नाही की तुला नीट ऐकू आलं का, तू त्यांना काही बोललास का. तो सरळ पंचांकडे गेला. खेळ थांबला, पोलीस आले, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. पंचांनी मैदान सोडण्याचा पर्याय दिला, तर रहाणे म्हणाला आम्ही खेळायला आलोय, खेळणार. नंतर क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत दोन गोष्टी निघाल्या: भारतीय खेळाडूंना वांशिक शिवीगाळ झाली हे खरं, आणि बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हते. दुसरी गोष्ट कळल्यावर ‘बघा, खोटं निघालं’ म्हणणारे मला भेटले आहेत. मारणारा सापडला नाही म्हणून मार बसलाच नाही, असा तो तर्क. रहाणेने त्या दिवशी जे केलं ते मात्र मनात ठेवा, आई-बापाचं कामही तेवढंच आहे. आपल्या माणसाचं ऐकायचं आणि ते योग्य माणसापर्यंत पोहोचवायचं. दोषी कोण ते ठरवणं पंचांचं काम.

आता ‘तो पाकिस्तानी, आपण नाही’. माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी घरांत हे वाक्य ऐकलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं. ज्याला शिवी द्यायची आहे तो आधी पासपोर्ट बघत नाही. पाकिस्तानी लोकांसाठीची ती शिवी आपल्या मुलांनाही तितक्याच सहज दिली जाते. त्याच यॉर्कशरमध्ये चेतेश्वर पुजारा खेळायला गेला तेव्हा त्याला ‘स्टीव्ह’ म्हणायचे. चेतेश्वर म्हणायला जमत नाही म्हणे. इंग्लंडमधल्या क्रिकेटबद्दल एक स्वतंत्र आयोग नेमला होता, त्याचा अहवाल जून 2023 मध्ये आला. त्याआधीच्या पाच वर्षांत भेदभाव सोसला असं त्यात उत्तरं देणाऱ्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी लोकांपैकी 87 टक्क्यांनी सांगितलं आणि भारतीयांपैकी 82 टक्क्यांनी. ह्या पाच टक्क्यांच्या फरकावर आपण किती मोठी भिंत बांधली आहे!

एक अवघड गोष्टही बोलायला हवी, कारण मुलं ती आपल्यात पाहतात. वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळायचा तेव्हा त्याला ‘कालू’ म्हणत. त्याला वाटायचं, दणकट माणसाला असं म्हणत असतील. 2020 मध्ये त्याला अर्थ कळला आणि तो बोलला. लगेच विचारणं सुरू झालं: तेव्हा का नाही बोललास? अर्थच ठाऊक नसलेला माणूस तेव्हा काय बोलणार? पुढे तसं म्हणणाऱ्यांतल्या एकाशी त्याचं बोलणं झालं, ते प्रेमाने म्हटलं होतं असं त्याला सांगण्यात आलं. ‘प्रेमाने’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. ‘काळ्या’, ‘काळुंद्री’, ‘उन्हात खेळू नकोस, काळी होशील’ हे आपणही प्रेमानेच म्हणतो. मुलगा क्लबात सोसतो तेच शब्द जर व्हिडिओ कॉलवर आजीकडून आणि मावशीकडून ऐकत असेल, तर वंशभेद वाईट असतो हे तुमचं वाक्य त्याला पोकळ वाटणार.

आणि पुण्या-मुंबईचं मैदान तरी कुठे निर्मळ होतं? पळवणकर बाळू हा आपला पहिला मोठा फिरकी गोलंदाज, दलित समाजातला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. पुण्याच्या मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. 1920 मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल ह्याची ज्येष्ठता कर्णधार निवडताना डावलली गेली तेव्हा विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघा भावांनी धर्मवार संघांच्या स्पर्धेतल्या हिंदू संघातून माघार घेतली आणि जातीचं कारण निवेदन काढून उघड सांगितलं. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाला. शंभर वर्षांपूर्वी मराठी मैदानावर खेळाडू असे उभे राहिले होते. तुमच्या ऑफस्पिनर मुलाला बाळूची गोष्ट जरूर सांगा, आणि ती सांगताना दोन्ही बाजूंना आपलेच लोक होते हे लपवू नका.

आता करायचं काय ते सांगते, आणि हे मी चुकून शिकले आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना एका संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. मी पोळ्या लाटत होते. ती फ्रिजवरच्या मॅग्नेटचा कोपरा नखाने खरवडत म्हणाली, हॉकीच्या मुली म्हणतात माझ्या किटबॅगला करीचा वास येतो. मी तव्यावरची पोळी उलटत म्हटलं, “जाऊ दे, मनावर घेऊ नकोस. तूच काही बोलली असशील.” ती “हो” म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून तिची किटबॅग बाहेर गॅरेजमध्ये असायची. हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले. तोपर्यंत तिने हॉकी सोडली होती.

म्हणून ताई, आधी ते रात्रीचं बोलणं दुरुस्त करा. मुलाला समोर बसवून उलटतपासणी नको. गाडीत बोला, एकमेकांकडे बघावं लागत नाही. आणि शक्य झालं तर हे बाबांनी बोलावं, कारण वाक्य त्यांचं होतं. “त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं. रफीकने चूक केली होती आणि त्याच्यावर अन्यायही झाला होता. तू कधी काही सांगितलंस तर मी आधी ऐकेन.” एवढंच. लगेच उत्तराची अपेक्षा ठेवू नका. दोन-तीन आठवडेही जातील.

तो बोललाच तर मध्येच तोडू नका आणि रागाने फोनही उचलू नका. तो झोपल्यावर त्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा: तारीख, मैदान, कोण काय म्हणालं, कोण जवळ होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर काही आलं असेल तर स्क्रीनशॉट घ्या, ग्रुप सोडायला लावू नका. आपल्याकडूनही कुणाला काही बोललं गेलं आहे का, हे विचारायला हरकत नाही, पण त्याच दिवशी नाही, आणि त्याच्या तक्रारीची अट म्हणून तर कधीच नाही. काही सापडलं तर त्याची माफी वेगळी मागायची, रफीकने मागितली तशी.

क्लबात प्रशिक्षकाशी बारमध्ये उभ्याउभ्या बोलू नका. मुलांचे संघ असलेल्या क्लबात सेफगार्डिंग ऑफिसर, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेला माणूस, असतो, त्याचं नाव क्लबच्या फलकावर किंवा वेबसाइटवर मिळेल. त्याला ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. तक्रार करायची की नाही हे मात्र मुलाला विचारून ठरवा. त्याला नको असेल आणि मारहाणीसारखं काही नसेल, तर लिहिलेलं जपून ठेवा आणि दर आठवड्याला मैदानावर जा. कुणी विचारलं, “तुमचा मुलगा फार मनाला लावून घेतो का?” तर हसून विषय बदलू नका.

‘माशाशी वैर’ ह्याबद्दल तुमच्या मिस्टरांना माझा निरोप द्या: तक्रार म्हणजे वैर नव्हे. तुम्ही त्या क्लबाची वर्गणी भरता, टी-ब्रेकला सँडविच करून नेता, तुमचा मुलगा त्यांच्यासाठी बळी घेतो. तुम्ही त्या पाण्यात पाहुणे नाही आहात.

माझी मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत फराळ करताना मी तिला त्या किटबॅगबद्दल विचारलं, तेरा वर्षांनी. ती म्हणाली, “आई, मी तेव्हा काहीच बोलले नव्हते गं त्यांना.” मग चकलीचा सोऱ्या खाली ठेवून तिने बाकीचं सांगितलं. ऐकायला पाऊण तास लागला.