गाडी विकली, फास्टॅग काचेवरच राहिला

गेवराईच्या एका शिक्षकांचं पत्र आहे. सात महिन्यांपूर्वी त्यांनी तुळजापूर तालुक्यातल्या एकाला कार विकली. पाचशेच्या बाँडवर नोटरी झाली, पैसे मिळाले. फास्टॅग मात्र काचेवर तसाच, खात्याला जोडलेला, ऑटो रिचार्ज चालू. अकरा हजारांवर टोल कापला गेला. ‘बँकेवर ग्राहक आयोगात केस टाकू का?’ असं ते विचारतात. अशी पत्रं सारखी येतात.

सर, टोलचं नंतर बघू. आरसी कुणाच्या नावावर आहे हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि सगळं तिथंच अडलंय. नोटरीच्या बाँडने आरटीओच्या लेखी मालक बदलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत ती नावावर करून घ्यायची. तुम्ही सात महिने घालवलेत. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात गाडीने एकामागून एक हात बदलले होते. तरी सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावरच टाकली. उद्या त्या गाडीखाली कुणी सापडलं तर नोटीस गेवराईला येईल. तिच्यापुढे अकरा हजार काहीच नाहीत.

आता टॅग. तो माणसाला नाही, गाडीच्या नंबरला बांधलेला असतो. नाक्यावरचं यंत्र स्टिकर वाचतं आणि टॅग देणाऱ्या बँकेकडून पैसे वळते होतात. स्टेअरिंगवर कोण बसलंय ते त्याला दिसत नाही. तुम्ही बँकेला कळवलंच नव्हतं, तेव्हा तिची चूक दाखवणं मला तरी अवघड वाटतं. स्टेटमेंट उतरवून घ्या आणि आजच बँकेच्या हेल्पलाइनवर टॅग बंद करायला सांगा. तेच ईमेलने लेखी द्या. त्यानंतरही पैसे कापले तर गोष्ट वेगळी. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

ते स्टेटमेंट जपा. पारगाव, येडशी, तामलवाडी असे नाके ज्या वेळी पडले, त्या वेळी तुम्ही वर्गावर होतात. शाळेच्या हजेरीपत्रकाची प्रत त्याला जोडलीत की गाडी दुसऱ्याच्या ताब्यात होती याचा पुरावा तयार. पण टोल तुम्हीच भरत राहिलात तर समोरचा वकील उलटं विचारेल, गाडी विकली होती तर टोल का भरत होतात?

अकरा हजारांसाठी करार कायद्याच्या कलम ७० खाली (तुमच्या पैशांचा फायदा त्याने घेतला, तर भरपाई द्यायची) घेणाऱ्याला नोटीस देता येईल. दावा मात्र टाकू नका. एवढ्या रकमेसाठी तारखांवर तारखा घेत वर्षं जातात आणि रजा तुमच्या खर्ची पडतात. त्यापेक्षा टॅग बंद होऊ द्या. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गावर चालू टॅग नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल पडतो. दोन फेऱ्यांत त्याचा फोन येईल. तेव्हा आधी फॉर्म ३० वर, म्हणजे गाडी नावावर करण्याच्या अर्जावर, त्याची सही घ्या, मग टोलच्या पैशांचं बोला. फोन नाही आला तरी या आठवड्यात बीडच्या आरटीओत फॉर्म २९, म्हणजे गाडी विकल्याची सूचना, आणि बाँडची प्रत देऊन पोच घ्या.