जुन्या पिकअपला पॉवर स्टेअरिंग टाकावं का?

प्रश्न : आमची बोलेरो पिकअप २०११ ची आहे, पॉवर नसलेली, पुढे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). ओतूरहून कांदा-टोमॅटो भरून माळशेजने वाशी मार्केटला जाते. गाडी वडील चालवतात आणि गाळ्यासमोर मागेपुढे करताना त्यांचे खांदे भरून येतात. स्टेअरिंग जड तर आहेच पण सरळ रस्त्यावर ढिलंही वाटतं. एक फिटर म्हणतो भंगारातला पॉवरचा बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) बसवू, दुसरा म्हणतो छोट्या कारची इलेक्ट्रिक मोटर लावू, स्वस्तात होईल. काय करावं?
— एक वाचक, ओतूर (ता. जुन्नर)

उत्तर : दादा, पॉवर जरूर टाका, वडिलांच्या खांद्यांसाठी तो खर्च योग्यच आहे. पण तुम्ही दोन तक्रारी सांगितल्यात, जड आणि ढिलं, आणि पॉवरने यातली फक्त पहिली जाते. ढिलेपणा तसाच राहतो, उलट हलक्या स्टेअरिंगमध्ये तो हाताला कळेनासा होतो आणि मग माळशेजच्या वळणावर एकदमच कळतो, म्हणून आधी ढिलेपणा काढा, मगच पॉवर.

जड का आहे ते घरच्या अंगणात कळतं. इंजिन बंद ठेवून पुढची दोन्ही चाकं उचला, एक्सलखाली पक्के स्टँड लावा, नुसत्या जॅकवर काम नको. आता स्टेअरिंग फिरवा. हवेत हलकं फिरलं तर जडपणा वजनाचा आणि टायरचा आहे, हवा कमी असेल किंवा कोणी रुंद टायर टाकले असतील. हवेतही जड असेल तर ड्रॉप आर्मपासून (बॉक्सला जोडलेला हात) ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारा दांडा) सोडवायला सांगा आणि पुन्हा फिरवा, तरीही जड म्हणजे दोष बॉक्समध्ये नाहीतर कॉलमच्या (स्टेअरिंगखालच्या दांड्याच्या) क्रॉस सांध्यामध्ये, आणि हलकं झालं तर किंगपिन (ज्या पिनांवर चाकं डावी-उजवी वळतात त्या) सुकलेत. किंगपिनला वेळेवर ग्रीस न मारलेल्या गाड्या खूप दिसतात आणि अशा गाडीला पॉवर टाकलं तर पंप त्या सुकलेल्या पिनांशी झगडत बसतो, पिना मात्र झिजतच राहतात.

आता ढिलेपणा. चाक उचललेलंच असताना वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन-बुश. मग गाडी खाली घ्या, एकाने स्टेअरिंग थोडं डावं-उजवं करत राहायचं, दुसऱ्याने एकेका टायरॉड एंडवर (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर) हात ठेवायचा, कुठला सांधा आधी हलून मग पुढे ओढतो ते बोटांना लगेच लागतं. रबराची टोपी फाटलेला एंड असेल तर थेट बदला, आत माती गेलेली असते. आणि कृपा करून बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून "ढिलं काढलं" म्हणणाऱ्याला थांबवा, जास्त आवळला की स्टेअरिंग मध्यावर अडकतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, शिवाय बॉक्स आतून खराब होतो.

नियमही माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंग व्हीलवरचा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. चाकं सरळ ठेवून, इंजिन बंद करून, व्हीलच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा आणि टायर हलायला लागेपर्यंत खूण किती सरकते ते मोजा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या व्हीलवर ३० अंश म्हणजे साधारण १० सेंटिमीटर. घाटात भरलेली गाडी चालवणाऱ्याने मात्र या मर्यादेपर्यंत थांबूच नये, त्याच्या निम्म्यावर आलं की काम काढावं असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं झाल्यावर पॉवर. तुमच्याच मॉडेलच्या पॉवरवाल्या गाडीचा पूर्ण सेट घ्या : बॉक्स, त्याचाच ड्रॉप आर्म, पंप, ब्रॅकेट, पुली, तेलाची टाकी, दोन्ही होज (तेलाचे पाइप). नुसता बॉक्स एकाचा आणि आर्म दुसऱ्याचा असं केलं तर आर्मची लांबी जुळत नाही, एका बाजूला कट (चाकांचं वळणं) कमी बसतो, ड्रॅग लिंक तिरकी होते आणि मग खड्ड्यात पाटा दबला की गाडी आपोआप बाजूला ओढते. भंगारातला बॉक्स घेणार असाल तर उघडून सील बदलूनच बसवा, अपघातातल्या गाडीचा नकोच. प्रेशरचा होज मात्र नवा आणि योग्य प्रेसिंग केलेलाच घ्या. रबरी पाइपला क्लॅम्प लावून भागवतात ते धोक्याचं आहे, तो फुटला की गरम सायलेन्सरवर तेल. बॉक्स बसतो तिथली चेसिस वायर ब्रशने घासून बघा, बोल्टाच्या भोकांपासून केसासारखी बारीक चीर निघालेली असते, ती दुरुस्त केल्याशिवाय पॉवरचा जोर त्या पत्र्यावर टाकू नका.

इलेक्ट्रिक मोटर टाळा. ती छोट्या कारच्या हलक्या पुढच्या वजनासाठी केलेली असते, तिला कंट्रोलर आणि गाडीच्या स्पीडचा सिग्नल लागतो, तुमच्या गाडीत ते काहीच नाही.

वडिलांना एक गोष्ट समजावून सांगा. पॉवरचा पंप इंजिनवर फिरतो, म्हणजे इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग एकदम जड होतं, डिझेल वाचवायला घाटउतारावर इंजिन बंद करायची सवय असेल तर ती आजच सोडायची. (ब्रेकचा बूस्टरही त्याच इंजिनवर चालतो.) आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी असतं, त्यामुळे कामाआधी आरटीओत विचारून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा, बिलं फाइलला ठेवा.

प्रश्न : पॉवर टाकून घेतलं, पण फुल कट मारला की घुंऽऽ आवाज येतो, टाकीतलं तेल फेसाळतं. पंप गेला का?
— एक वाचक, मंचर

उत्तर : आधी पंपाला दोष देऊ नका, फेस म्हणजे सिस्टीममध्ये हवा आहे. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या जाड पाइपचा क्लॅम्प बघा, तिथून तेल गळत नसलं तरी हवा ओढली जाते. क्लॅम्प बदला, पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, तेल उतरेल तसं भरत राहा, बुडबुडे थांबले की मग स्टार्ट करून परत तेच. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, सील फुगतात. बाकी फुल कटला थोडा आवाज येतोच, तिथे पंपाचा जास्तीचा दाब व्हॉल्व्हमधून सोडला जातो आणि तेल पटकन तापतं, म्हणून टोकाला दोनचार सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. हवा काढूनही सरळ चालताना आवाज राहिला, तर पंप उघडायला न्या.