बॉरो-लेंडपासून सुरुवात करा

इंग्रजीत गोंधळ होणाऱ्या शब्दांच्या शंभर जोड्यांची यादी उतरवलीत, त्यामागची मेहनत दिसते. पण ती सध्या बाजूला ठेवा. नुसती पाठ केलेली जोडी ऐन वेळी उलटी आठवते, हे मी शिकवताना नेहमी पाहतो. आधी तीन-चारच घ्या आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य तुमच्या रोजच्या जगण्यातून बनवा.

सगळ्यात जास्त घोळ बॉरो आणि लेंडचा. आपल्याकडे ‘उसनं’ हा शब्द एकच, पुढचं ‘घेणं’ किंवा ‘देणं’ दिशा सांगतं. इंग्रजीत ती दिशा शब्दातच असते. शेजारच्या काकूंकडून तुम्ही वाटीभर साखर आणलीत, तर तुम्ही बॉरो केलीत आणि काकूंनी लेंड केली. ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ ही चूक इथूनच येते. ‘कॅन यू लेंड मी’ म्हणा, नाहीतर ‘कॅन आय बॉरो’.

मग या दोन:

- हिअर, लिसन: मराठीत दोन्हींसाठी आपण बहुतेकदा ‘ऐकणं’च वापरतो. कुकरची शिट्टी आपोआप कानावर पडते ते हिअर. बातम्या लक्ष देऊन ऐकता ते लिसन. काय ऐकता ते सांगताना लिसनपुढे ‘टू’ लावा.
- लूझ, लूस: लूझमध्ये एक ‘ओ’, म्हणजे हरवणं; लूसमध्ये दोन ‘ओ’, म्हणजे सैल. आपण दोन्ही ‘लूज’ म्हणतो, म्हणून स्पेलिंग चुकतं.

अफेक्ट (परिणाम करणं) सहसा क्रियापद, इफेक्ट (परिणाम) नाम, इतकं पुरे. अपवाद नंतर पाहू. आज बॉरो-लेंडची चार वाक्यं लिहा आणि मला दाखवा.