रोब्लॉक्समध्ये ‘नूब’ म्हणजे नवखा की बिनडोक?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपला 11 वर्षांचा मुलगा रोब्लॉक्स (अनेक ऑनलाइन खेळ एकाच ठिकाणी असलेले व्यासपीठ) खेळतो, त्याच्या कॅरेक्टरचे कपडे साधे आहेत म्हणून सोसायटीतील मित्र त्याला ‘नूब’ म्हणतात, मुलाच्या मते या शब्दाचा अर्थ नुसता ‘नवीन’ असा आहे, मित्रांच्या मते ‘बिनडोक’, आणि हा वाद मिटवण्यासाठी रोबक्स, म्हणजे तिथले खऱ्या पैशांनी मिळणारे चलन, विकत घेऊन द्यावेत का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे, की व्युत्पत्ती आपल्या मुलाच्या बाजूने आहे आणि रूढ वापर मित्रांच्या बाजूने. मात्र रोब्लॉक्समध्ये या शब्दाला एक तिसराच अर्थ आहे आणि त्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

मूळ इंग्रजी शब्द ‘न्यूबी’, म्हणजे नवखा. इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत त्याचे आखूड रूप ‘नूब’ रुळले आणि मधल्या दोन ‘ओ’ अक्षरांच्या जागी दोन शून्ये घालून ते लिहिण्याची पद्धत पडली. पुढे या दोन रूपांत लोकांनी भेद केला. ज्याला येत नाही पण जो विचारतो तो न्यूबी. ज्याला येत नाही, जो विचारत नाही आणि वर वाद घालतो तो नूब. पहिल्यासाठी आपल्याकडे ‘नवशिका’ हा सौम्य शब्द आहेच. दुसऱ्यासाठी एका शब्दात काही सापडत नाही, पण ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला’ हा वाक्प्रचार अगदी चपखल बसतो. रोब्लॉक्सच्या नूबचे तोंड खरोखरच पिवळे असते, हा निव्वळ योगायोग.

मी महाविद्यालयात असताना पुण्यातल्या एका सायबर कॅफेत आम्ही काउंटर-स्ट्राइक खेळत असू आणि हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. त्या खेळात दहशतवाद्यांच्या बाजूला चार आणि पोलिसांच्या बाजूला चार अशी मोजकी रूपे होती. पोशाखावरून कोणाला हिणवावे अशी सोयच नव्हती, कारण निम्मी खोली एकाच कपड्यांत फिरत असे. तिथे नूब ठरण्यासाठी आधी काहीतरी करून दाखवावे लागे: स्वतःच्याच माणसांवर ग्रेनेड टाकणे, किंवा बाँब खांद्यावर असताना भलत्याच कोपऱ्यात लपून बसणे. एका गोळीत माणूस पाडणारी ‘एडब्ल्यूपी’ बंदूक घेऊन बसणाऱ्यालाही नूब म्हणत, मग त्याचा नेम कितीही चांगला असो. तिथे शब्दाचा अर्थ ‘सोपी वाट धरणारा’ असा होई. कॉल ऑफ ड्यूटी या दुसऱ्या खेळात बंदुकीला जोडलेल्या ग्रेनेड लाँचरला ‘नूब ट्यूब’ म्हणतात, तोही याच अर्थाने. म्हणजे अर्थ बदलत होता, पण न्याय मात्र खेळ पाहूनच दिला जात होता.

रोब्लॉक्स 2006 साली खुला झाला आणि तिथे हा क्रम उलटा झाला. पूर्वी नवे खाते उघडणाऱ्याला जे कॅरेक्टर मिळे त्याचे डोके आणि हात पिवळे, धड निळे आणि पाय हिरवे असत. कपडे बदलायला वेळ किंवा पैसे न दिलेला खेळाडू या रंगांवरून दुरूनच ओळखू येई, त्यामुळे ‘नूब’ हा शब्द माणसावरून त्या रंगसंगतीला चिकटला. नंतर नव्या खात्यांना तांबूस-तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे केस असलेले कॅरेक्टर मिळू लागले. ते केस तव्यावर परतलेल्या बेकनच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, पट्ट्यांसारखे दिसतात, म्हणून त्या मंडळींना ‘बेकन’ हे नाव पडले. आपल्या मुलाच्या कॅरेक्टरचे केस तसे असतील, तर मित्रांचा शब्द त्यांच्याच शास्त्रानुसार चुकलेला आहे; तो नूब नसून बेकन आहे. हे त्याला जरूर सांगावे, भांडणात अशा तांत्रिक मुद्द्याचे वजन मोठे असते.

हा तिसरा अर्थ मला माझ्या भाच्यामुळे कळला. दिवाळीच्या सुट्टीत तो मला शेजारी बसवून एक ‘ओबी’, म्हणजे उड्या मारत पार करायची अडथळ्यांची शर्यत, खेळत होता. त्याच्या कॅरेक्टरला साखळी, काळा हुडी आणि डोळ्यांवर येणारे केस, असा सगळा थाट होता. शेजारच्या ठोकळ्यावर पिवळ्या तोंडाचा, निळ्या धडाचा एक जण येऊन उभा राहिला. “मामा, हा नूब बघ, आता पडेल,” असे भाचा म्हणाला. तो पडला नाही. लाव्हावरचे फिरते दांडे, दिसेनासे होणाऱ्या फरशा, सगळे त्याने न थांबता ओलांडले, आणि आम्ही मात्र त्याच फरशीवरून चौथ्यांदा खाली गेलो. भाच्याने त्याचे प्रोफाइल उघडले, तर खाते 2012 सालचे निघाले. भाचा क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, “म्हणजे हा मुद्दाम नूब झालाय.”

या वाक्यात ‘नूब’चा अर्थ ‘नवखा’ असा घेतला तर वाक्याला अर्थच उरत नाही, कारण कोणी मुद्दाम नवखा होऊ शकत नाही. ‘बिनडोक’ घेतला तरी तीच अडचण. इथे नूब हा एक वेश आहे, आणि मुरलेले खेळाडू तो हौसेने, कधी जुन्या दिवसांच्या आठवणीखातर, तर कधी समोरच्याला गाफील ठेवण्यासाठी धारण करतात. आपल्या मुलाचे मित्र वेशाचे नाव घेऊन अकलेचा निकाल देत आहेत, इतकाच त्यांच्या बोलण्यातला घोळ आहे.

काही जण ‘नूब’चे भाषांतर ‘कच्चा लिंबू’ असे करतात, ते मला पटत नाही. (लिंबू नपुंसकलिंगी असूनही आपण ‘कच्चा लिंबू’ म्हणतो, हीही एक गंमतच.) कच्चा लिंबू ही सवलत असते: धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही, असा मोठ्यांनी आपसांत केलेला तो करार असतो. नूब म्हटल्याने कोणालाही कसली सवलत मिळत नाही. उलट खेळ सुरू होण्याआधीच त्याला बाद धरलेले असते.

रोबक्सविषयी माझे मत स्पष्ट आहे: या कारणासाठी घेऊ नयेत. रोब्लॉक्समधल्या बहुतेक खेळांत शर्ट, केस किंवा साखळी यांनी उडी उंच जात नाही की वेग वाढत नाही. शिवाय तिथली फॅशन भराभर बदलते. उंच, काटकुळ्या बांध्याचे ‘स्लेंडर’ कॅरेक्टर एके काळी रुबाबाचे मानले जाई, पुढे तेही चेष्टेचा विषय झाले. रोब्लॉक्सच्या दुकानात फुकट मिळणाऱ्या वस्तूही आहेत, त्यांतून त्याला स्वतः निवडू द्यावे.

आणि त्याची तयारी असेल तर आणखी एक उपाय आहे, तोही बिनखर्चाचा. अवतार विभागात, म्हणजे कॅरेक्टरचे रूप बदलतात तिथे, त्वचेच्या रंगाखाली प्रत्येक अवयवाला वेगळा रंग देण्याची सोय असते. डोके आणि हात पिवळे, धड निळे, पाय हिरवे करावेत आणि शनिवारी त्याच मित्रांबरोबर एखादी ओबी खेळावी. फक्त आदल्या दिवशी दिसेनाशा होणाऱ्या फरशांचा थोडा सराव करून घ्यावा.