मुंकच्या चित्रात दुखतं कुणाला?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्यावरचा तुझा लेख वाचला. मेहनत दिसते. पण १८६८ मध्ये आई क्षयाने गेली, १८७७ मध्ये थोरली बहीण सोफी त्याच रोगाने गेली, पुढे स्वतःलाच वेडाची भीती, म्हणून अशी चित्रं, हा तुझा सगळा युक्तिवाद मला पटला नाही. त्यात चित्रकाराचा केसपेपर तयार होतो आणि चित्र बघायचं राहून जातं.

‘आजारी मुलगी’ पुन्हा समोर घे. १८८५-८६ चं, ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं. त्याच संग्रहालयात क्रिस्तियान क्रोग या दुसऱ्या नॉर्वेजियन चित्रकाराचंही आजारी मुलीचं चित्र आहे, मुंकच्या काही वर्षं आधीचं. क्रोगचीही बहीण क्षयाने गेली होती. म्हणजे दुःख एकच, शहरही एकच. क्रोगची मुलगी थेट आपल्याकडे बघते, आणि तिच्या पांघरुणाची घडी न् घडी स्पष्ट आहे. मुंकची मुलगी आपल्याकडे बघत नाही. शेजारी बसलेल्या बाईकडेही नाही. तिच्या पलीकडे, पडद्याकडे बघते. चेहरा शांत आहे. मोडून पडली आहे ती बाई: मान खाली, चेहरा दिसतच नाही. या बाईसाठी मुंकची मावशी कारेन बसली होती, आईमागे घर सांभाळणारी. मग या चित्रात दुखतं कुणाला? माझं उत्तर असं की हे मरणाऱ्याचं चित्र नाहीच, मागे राहणाऱ्याचं आहे. मुंक स्वतःही त्यातलाच. सोफी गेली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.

आता दोघींचे हात जिथे भेटतात ती जागा बघ. चित्राचा मध्य, आणि तिथे नीटसं काहीच रेखाटलेलं नाही, नुसता रंगाचा डाग. हे न जमल्यामुळे झालेलं नाही. त्याने महिनोन्‌महिने या कॅनव्हासवर रंग चढवला, खरवडला, पुन्हा चढवला. उभे ओरखडे अजून दिसतात. १८८६ च्या प्रदर्शनात लोकांनी हे चित्र अपुरं म्हणून हिणवलं. पण तो खरवडलेला पृष्ठभाग हाच मला चित्राचा गाभा वाटतो: आठवण हाताला लागते न लागते तोच निसटते, हे त्याने रंगाच्या अंगावरच करून दाखवलं. आणि हे बहिणीच्या उशाशी बसून केलेलं नाही. ती जाऊन आठेक वर्षं झाली होती, समोर दुसरीच एक मुलगी मॉडेल म्हणून बसली होती. पुढे चाळीसेक वर्षांत त्याने हेच चित्र आणखी पाच वेळा रंगवलं. ड्रायपॉइंट, लिथोग्राफ ही छापचित्रं वेगळीच. यातल्या शिस्तीबद्दल तुझ्या लेखात एक ओळही नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मुंकच्या ‘किंकाळी’ या चित्रावर पेन्सिलीने लिहिलेलं ते वाक्य, असलं चित्र वेडाच रंगवू शकतो हे, तू कबुलीजबाब म्हणून वापरलं आहेस. ते अक्षर मुंकचंच, असा निष्कर्ष संग्रहालयाने २०२१ मध्ये काढला, हे खरं. पण लोक आपल्याला वेडा म्हणतात या संतापातूनही माणूस असं लिहू शकतो. शिवाय १९०८-०९ मध्ये कोपनहेगनच्या दवाखान्यात राहून आल्यावर तो आणखी पस्तीस वर्षं जगला, भरपूर काम केलं, ओस्लो विद्यापीठाच्या सभागृहात अख्खी भिंत भरून सूर्य रंगवला. तुझ्या लेखातला मुंक त्याआधीच संपतो.

गेल्या वर्षी तू आजीच्या आजारपणात रात्र रात्र जागलीस, मला माहीत आहे. ते लेखात आणू नकोस, इतक्यात तरी नको. पण कारेनमावशीची ती वाकलेली मान कशी बघायची हे तुला माझ्याहून जास्त कळेल, त्यावर विश्वास ठेव.

पुढचा खर्डा चरित्राशिवाय लिही. सहाही चित्रांच्या चांगल्या प्रती शेजारी शेजारी मांड, शेवटच्यापासून मागे ये, आणि रंग, ओरखडे, हात, नजर कुठे कुठे बदलते तेवढंच टिपून मला पाठव. तारखा आणि मृत्यू नंतर घालू, जिथे अडेल तिथेच.

कळावे,
तुझे सर